बिटियाच्या वतीने धन्यवाद

आई गेल्यापासून मी प्रार्थना सोडली होती. बाबांनी त्यावर उपाय काढला, चर्चच्या युथ ग्रुपची सेवा-सहल. "जाऊन ये न बेटा, काहून नाही म्हणून राहिली?" म्हणजे पोरगी रविवारी श्रद्धा दुरुस्त करून घरपोच मिळणार.

जबलपूरहून सकाळी टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो. वर्गणी पाचशे, जेवणासकट. तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत आमचे लीडर संदीप भैया यांनी परतल्यावर चर्चमध्ये द्यायची साक्ष, म्हणजे देवाच्या अनुभवाचं भाषणसुद्धा समजावून दिलं होतं: "त्यांच्याकडे काही नाही, तरी ते आनंदी आहेत, असं बोलायचं." ते लोक अजून आम्हाला भेटायचे होते. महामार्ग झकास आहे. गावाकडे वळलात की मात्र पोटात खोव्याची जलेबी नसलेली बरी.

गावातल्या छोट्या प्रार्थनाघराला बांबूचं कुंपण घालायचं होतं. कामाआधी प्रार्थना, कामानंतर प्रार्थना, मधल्या वेळात सेल्फी. उरलेल्या वेळात कुंपण. समारोपाच्या प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटले आणि एक शेळी आमचं सेवाकार्य आडवं करून आरपार निघून गेली. मी पाहिलं, कारण मी डोळे मिटतच नाही. समोर फूलमती काकी उभ्या होत्या. त्यांच्याच घरी आमचं जेवण होतं. त्यांचेही डोळे उघडे होते, आधी शेळीवर आणि मग माझ्यावर.

रात्री डाळ-भात, टमाट्याची चटणी. चटणीसाठी परत जाईन, सेवेसाठी सांगता येत नाही. ताटं वाढली तसे भैया उत्साहाने म्हणाले, "आज प्रार्थना रीना करेल!" मी हात जोडले. सगळे वाट बघत बसले.

"बिटिया थक गई है," काकी म्हणाल्या, "आज हम बोल देते हैं." त्यांनी डाळीसाठी आभार मानले, शेळी घरी आली म्हणून मानले. मग म्हणाल्या, "और प्रभु, इस बिटिया की तरफ़ से भी धन्यवाद, जब तक ये ख़ुद ना बोल पाए." मला रागही आला आणि रडूही. मी पुन्हा भात मागून घेतला.

रविवारी साक्षीला सगळे ठरल्याप्रमाणे गहिवरले. मी सांगितलं, "कुंपण पडलं. आमच्यासाठी त्यांनीच प्रार्थना केली." भैयांनी घाईघाईने गाणं सुरू केलं.

घरी बाबांनी पानं वाढली. आई गेल्यापासून आम्ही थेट जेवायलाच सुरुवात करायचो. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणा न." त्यांनी हात जोडले. "हे प्रभू..." म्हणाले आणि तिथेच अडले. वर्षभर मला वाटत होतं, प्रार्थना सोडली आहे ती फक्त मी.

"असू द्या बाबा," मी म्हटलं. "आज मी म्हणून देते, तुमच्याकडूनही."

जेमतेम दोन वाक्यं जमली. बाबांचं आमेन शेजारपर्यंत ऐकू गेलं असेल.