कोरड्या ओढ्यातला तंबू

ओढ्याला पाणी येईल, असं बीडच्या माणसाला स्वप्नातही वाटत नाही. म्हणून बायको आणि दोन लेकरांना घेऊन नेकनूरच्या पुढं डोंगरात कॅम्पिंगला गेलो, तेव्हा तंबू ठोकला तो थेट ओढ्याच्या मऊ वाळूत. दुपारी पाऊस असा कोसळला की मांजरसुंब्याचा घाट वाहत आष्टीला पोचला असेल.

"ओ भाऊ, लेकरं काढा आदी!" काठावरून एक बाई ओरडली. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, पुढं दोन शेळ्या. मी तंबूची दोरी सोडेपर्यंत ती खाली उतरून, दोन्ही लेकरं काखोटीला मारून परत वरही गेली. आम्ही दोघं कसेबसे चढलो आणि मागून पाणी आलं. तंबू आता तेलंगणात असावा.

पदरानं पोरीचं डोकं पुसत तिनं बायकोला हळूच विचारलं, "तुमाला घर न्हाई का?"

"आहे की. बीडला. तीन खोल्यांचं."

"मग भाईर कावून निजता? आमी सा महिने ऊसतोडीला पाचटाच्या कोपीत काढतो. घरी आलो की उंबरा सोडू वाटत न्हाई."

मी निसर्गाची महती सांगू लागलो. अचानक वेड लागलेल्या शहाण्या माणसाचं ऐकावं, तसं ती लई मायेनं ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली. "आता आमच्या घरी चला. पत्र्याचं हाय, पन गळत न्हाई."

लेक तिच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. बायकोनं मुलाचा हात धरला आणि मला न विचारता तिच्यामागं निघाली. मी सगळ्यांच्या शेवटी, निसर्गाची उरलेली महती पोटात ठेवून.