वाट बघायचं काम

निरवांगीच्या तात्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पुण्यात, एमआरआयच्या खोलीबाहेर. नळाखाली साबण लावून ते मनगटातलं चांदीचं कडं ओढत होते. लग्नात चढवलेलं, पुन्हा कधी न निघालेलं. मशीनजवळ धातू चालत नव्हता आणि त्यांची दहा वर्षांची मंगल एकटी आत जायला तयार नव्हती. कड्याबरोबर थोडी कातडीही सोलली. मग तात्या आत गेले आणि त्या ठकठकाटात लेकीच्या पायाचा अंगठा धरून उभे राहिले.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. बारामतीत एका बालरोगतज्ज्ञांकडे मी नवी डॉक्टर होते. मंगलला एका डोळ्यानं फळा दिसेनासा झाला होता. औषधानं डोळा सुधारला, तरी सरांच्या मनात शंका राहिली. म्हणून त्यांनी मला सोबत देऊन बापलेकीला पुण्याला पाठवलं.

फिल्मवर मंगलच्या मेंदूत पांढरे ठिपके होते. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. असे डाग असले की त्रास उलटण्याची भीती जास्त. पुन्हा डोळा, नाहीतर हात, पाय. कधी, ते सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही. नसांवरचं आवरण झिजवणाऱ्या, लहान मुलांमधल्या या आजाराबद्दल अजून फारसं कळलेलं नाही, हेही ते म्हणाले.

तात्यांच्या घराण्यात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस होता. त्यांनी फिल्मवरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "म्हंजी आभाळ आलंय, पण पडंल का न्हाय ते म्हाईत न्हाय. आसंच ना?"

एसटीत मंगल खिडकीला टेकून झोपली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, हे पोरीला सांगायचं न्हाय. तिच्या आईलाबी न्हाय. आडवण्याचं औषध न्हाय, मग सगळ्यांनी वाट बघत कशाला बसायचं? ते काम माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

आणि ते काम त्यांनी केलं. मंगल शाळेला निघाली की काहीतरी निमित्त काढून मागोमाग चालायचे. ती ठेचकाळली की यांचा चेहरा उतरायचा. "तात्या, मी काय शेरडू हाय व्हय?" म्हणून ती हसायची. चौदाव्या वर्षी चांगलं स्थळ आलं, त्यांनी परत पाठवलं. तात्यांच्या भावांनी कारण विचारलं, यांनी दिलं नाही. त्या वर्षी दिवाळीला भाऊ घरी आले नाहीत. तपासणीला आले तेव्हा तात्या मला म्हणाले, "तोडल्यालं सांधंल. पोर दिल्यावर काय झालं, तर तिला परत कोण आणून घालंल?"

मंगल दहावीला असताना एका सकाळी तिचे पाय बधिर झाले. घरचे म्हणाले, अशक्तपणा असेल, दोन दिवस बघू. तात्यांनी तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि दुपारच्या आत बारामतीला आणलं. सलाइनमधून औषधं दिली. पायांत बळ आलं, पण पुरतं नाही. काठी लागली.

दवाखान्यातच तिनं हे काय आहे ते विचारलं आणि तात्यांनी तिला एकटीला सगळं सांगितलं; आईला तेव्हाही वरवरचंच.  मंगल म्हणाली, "मला तवाच सांगायचं हुतं. भ्याले असते, पर तुमच्यासंगं भ्याले असते."  तात्या तिचे पाय चोळत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात उसाला पाणी देताना तात्या बांधावर कोसळले. हृदय थांबलं आणि ते तिथंच गेले. मी निरवांगीला गेले तेव्हा मंगलच्या आईनं मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं.

"पहाटं उठून पोरीच्या पायाला हात लावून बघायचं," ती म्हणाली. "इचारलं तर म्हणायचं, चादर सरकली हुती. मला वाटायचं, मानूस भरमिष्ट झालं. नांदत्या घरात एकटंच वझं वाहत ऱ्हायलं बघा."

तिनं डोळ्यांवरचा पदर काढला आणि समोर बसली.

"आता तुमी मला समदं सांगा, बाई. पैल्यापासनं. आता पोर माझ्याकडं हाय."

मी सांगायला लागले. ती मधे एकदाही रडली नाही.