भाऊजी आणि टपावरचं कॅरिअर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. त्यांना न्यायला उद्या प्रत्यक्ष स्वर्गातून विमान आलं, तरी ते आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतील, टपाकडे पाहतील आणि म्हणतील, “वरती एवढी जागा रिकामी काहून ठेवली बाप्पा?” रिकामी जागा हा भाऊजींचा वैरी होता. नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात. दिवसभर लोकांची वावरं मोजायची आणि संध्याकाळी यवतमाळच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये परतायचं. त्याचा परिणाम असेल, पण कुठं वीतभर मोकळं दिसलं की त्यांच्या जिवाची उलघाल सुरू व्हायची. चहा ते उभ्यानं प्यायचे, खुर्चीत बसलेच तर एक पाय सारखा हलत राहायचा, आणि जेवताना ताटात वरण आणि भाजीच्या मधे जागा उरली तर ताईला म्हणायचे, “इथं कोशिंबीर बसते ना व!” ताई आपली मुकाट्यानं कोशिंबीर करायला उठायची.

अशा माणसानं एक दिवस जुनी, पांढरी, डबीएवढी मोटार विकत घेतली. मागं डिकी म्हणजे दोन पिशव्या ठेवल्या की दार लागायचं नाही. दुसऱ्या कुणाला गाडी लहान वाटली असती. भाऊजींना मात्र ती अर्धवट वाटली, आणि ती पुरी करायला त्याच दुपारी ते वेल्डिंगवाल्या सलीमभाईंच्या दुकानात जाऊन बसले. म्हणजे उभे राहिले. सलीमभाईंनी टपावर लोखंडी दांड्यांचं कॅरिअर बसवून दिलं. मग भाऊजींना त्याला कडेनं कठडा हवासा वाटला, मग मागून चढायला शिडी. शेवटी सलीमभाई हात जोडून म्हणाले, “साहब, ये मोटार है, हाथी नहीं. हौदा नहीं बनाऊंगा.”

त्या कॅरिअरवर काय काय प्रवास करून गेलं याला गणती नाही. वणीला एका बारशाला गेलो होतो, तर परतताना भाऊजींनी कुणाची तरी जुनी सागवानी चौकट टपावर बांधून आणली. ताईच्या मांडीवर भोपळा, माझ्या पायांखाली बिजागरांचं पोतं, आणि दोऱ्या खिडक्यांतून आरपार आवळल्यामुळे दारं उघडायची सोय नाही. वाटेत पोलिसानं गाडी थांबवली. वरती पाहिलं, आत पाहिलं आणि विचारलं, “चौकट आली, घर मांगून येऊन राह्यलं का?” भाऊजी गंभीरपणे म्हणाले, “नाई साहेब. घर बसत नाई.” पोलिसानं हातानंच जा म्हणून सांगितलं.

ती कापसाचे भाव पडल्याची वर्षं. लोकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती इतका कापूस पडून होता, आणि खरेदी आज सुरू तर उद्या बंद. आम्ही गावातली नोकरदार माणसं, पण आमच्या घरातही बोलणं कुठूनही निघालं तरी कापसावरच येऊन थांबायचं. त्यातच माझ्या धाकट्या बहिणीचं, निमीचं लग्न ठरलं. लग्न मुलाकडे, नेरला. आंदणाचं सामान न्यायला बाबा टेम्पो सांगणार होते. भाऊजी खाटेवरून ताडकन उठले. “टेम्पो कायले पाह्यजे? मी मेलो का?”

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळपासून ते सामान रचत होते. पिंपात कुकर, कुकरात डबे, डब्यांत वाट्या आणि वाट्यांत सुपाऱ्या. शिलाई मशीनच्या पोटात रुखवताचे लाडू. टपावर खाली गादी, गादीवर पलंगाच्या फळ्या, फळ्यांवर आरशाचं टेबल पाय वर करून. दोर आवळून झाला की दोन पावलं मागं यायचे, डोकं खाजवायचे आणि सगळं सोडून पुन्हा रचायचे. संध्याकाळी निमी हसत म्हणाली, “भाऊजी, मलाही बांधून टाका वरती.” भाऊजींनी मान वर न करता विचारलं, “उभी बसशीन का आडवी?”

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पहाटेच पुढं गेलं. सामान घेऊन मागून आम्ही दोघं. नेरच्या रस्त्यावर एका फाट्याशी पोचलो आणि थांबलो. कापसाला भाव द्या म्हणून लोकांनी बैलगाड्या आडव्या लावून रस्ता अडवला होता. होळी यायची होती, पण ऊन चटके देत होतं. आमच्या मागं बघता बघता ट्रकांची आणि एस्टीची रांग लागली. भाऊजी गाडीतून उतरत, पुढं जाऊन येत, पुन्हा बसत, पुन्हा उतरत. “मुहूर्त निघून जाईन ना बे!” असं ते मला सांगत होते, जणू रस्ता मीच अडवला होता.

तेवढ्यात मागच्या एका ट्रकवाल्यानं कर्कश हॉर्न दिला. कडेच्या गाडीचे बैल बुजले, उधळले, आणि गाडीच्या सावलीला बसलेल्या एका बाईच्या पायावरून चाक गेलं. एकच ओरडा झाला. बाई चाळिशीची असेल. दातांत पदर धरून नुसती कण्हत होती, आणि लुगडं रक्तानं भिजत चाललं होतं. तिचा नवरा वेड्यासारखा मोटारींकडे धावत होता. पण एस्टी, ट्रक सगळे एकमेकांत अडकलेले. रस्त्याच्या कडेनं वळून यवतमाळकडे निघू शकेल अशी एकच गाडी होती, आणि तिच्यात उंदराला शिरायला जागा नव्हती.

भाऊजींनी एकदा बाईकडे पाहिलं, एकदा टपाकडे. मग खिशातला चाकू काढून त्यांनी तो दोर सरळ कापला. ज्यांनी दिवसभर खपून ते रचलं होतं, त्यांनीच टपावरचं, आतलं सगळं भराभरा रस्त्यावर फेकायला सुरुवात केली. पिंप गडगडत गेलं, लाडू धुळीत सांडले. “पाहून काय राह्यले? धरा ना!” ते ओरडले, तशी चारदोन माणसं धावली. टपावरची गादी आत अंथरली, बाईला उचलून तिच्यावर निजवलं, नवरा उशाशी बसला. “साळेबुवा, सामान पाह्य,” एवढं मला म्हणून भाऊजींनी गाडी वळवली आणि धुरळ्यात दिसेनासे झाले.

मी आरशाच्या टेबलाशेजारी भर रस्त्यात उभा. मुहूर्ताला तास-दीड तास उरलेला. एक म्हातारे आंदोलक जवळ आले. “मास्तर, लगन कोणाचं हाय?”

“बहिणीचं. नेरला.”

मागं वळून त्यांनी कुणाला तरी हाक मारली. “अरे, ट्रॅक्टर काढ. अर्धा कापूस उतरव खाली.” सकाळपासून कुणालाही वाट न देणाऱ्या त्या माणसांनी एक बैलगाडी बाजूला घेतली, ट्रॉलीतल्या कापसात आमचं आंदण ठेवलं, आरसा कापसात मानेपर्यंत पुरला आणि मला वर बसवलं; म्हातारबुवांसकट तिघं-चौघं सोबत आले. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत आम्ही मांडवात होतो. निमीच्या सासऱ्यांनी त्या तिघा-चौघांना हाताला धरून जेवायला बसवलं.

भाऊजी आले ते अक्षता पडून गेल्यावर; फाट्यावर लोकांनीच त्यांच्या गाडीला वाट करून दिली होती. सदऱ्यावर रक्ताचे डाग, डोळे लाल. “पाय वाचन म्हणते डॉक्टर,” ते म्हणाले. मग त्यांची नजर मांडवाबाहेरच्या ट्रॉलीवर गेली. जवळ जाऊन त्यांनी आत डोकावलं आणि कळवळून म्हणाले, “एवढ्या मोठ्या ट्रॉलीत एवढंसंच आणलं?” म्हातारबुवा जेवता जेवता हसले, आणि मग आम्ही सगळेच.

निमीला निरोप देताना भाऊजी गाडीचं चाक तपासत बसले होते. परतीला गाडीत आम्ही तिघंच, ताई, मी आणि ते. ताईचं लग्न झालं तेव्हा निमी पहिलीत होती. भाऊजींनीच तिला सायकलवर बसवून शाळेत पोचवलं होतं, पुढं कॉलेजच्या प्रवेशालाही तेच गेले होते. हे ताई मला सांगत होती, आणि ते ऐकू येत नसल्यासारखे गाडी हाकत होते. यवतमाळात दिवे लागत होते. घराकडे न वळता त्यांनी गाडी दवाखान्यात घातली.

बाई जागी होती. पायाला भलंमोठं बँडेज. भाऊजींना ओळखून तिनं विचारलं, “लगन लागलं का भाऊ?”

“लागलं.”

“पोरगी रडली असन?”

“नाई,” भाऊजी म्हणाले. “ते नाई रडली.” आणि खाटेचा दांडा धरून उभे असलेले आमचे भाऊजी लहान मुलासारखे हमसून रडायला लागले.

मी पुढं व्हायला निघालो, तर ताईनं माझा हात धरून ठेवला. त्या बाईनं कशीबशी कूस बदलली आणि खाटेच्या कडेला थोडी जागा करून दिली.

“बसा भाऊ,” ती म्हणाली. “घरी जाची घाई नका करू.”