पट्ट्याचं आतलं भोक

कपाट आवरताना आज यांचा जुना कमरेचा पट्टा हाती आला. त्याला सगळ्यात आत एक वेडंवाकडं भोक आहे. खिळा तापवून यांनीच पाडलेलं.

डायबेटीस निघाला त्या वर्षी हे पार बदलले होते. रोज टेकडीपर्यंत चालणं, रात्री एकच भाकरी, गोडाला हात नाही. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली. नव्या भोकात पट्टा लावून हे आरशासमोर कितीतरी वेळ उभे होते.

मग भाचीचं लग्न आलं. मांडवात जो तो मला विचारी, "अगं, किती खंगलेत हे! जेवायला घालतेस ना?" आपल्याकडे बाईचं माप नवऱ्याच्या पोटावरून काढतात. मला ते फार लागलं. घरी आल्यावर मी यांच्या भातावर तूप जास्त वाढू लागले, सणावाराला "एका पुरणपोळीनं काय होतंय?" म्हणू लागले. हे नको म्हणत, मग माझ्या तोंडाकडे बघून खात. वर्षभरात आतलं भोक सुटलं, साखर पुन्हा चढली, ती मग उतरलीच नाही.

आता यांच्या तळपायांना फारसं कळत नाही. परवा फिरताना एक चप्पल मागे राहिली आणि हे बोलत तसेच पुढे गेले. मी वाकून ती उचलली, धावत जाऊन पायाशी ठेवली.

हे खाली बघून ओशाळं हसले. म्हणाले, "तुझं लक्ष असतं, म्हणून निभावतंय माझं."