भावाचं रक्त

२०१२ साली मला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा मी कुडव्याच्या शाळेत शिकवत होते. केमोनं आजार दबला, पण तो परत उलटू नये म्हणून बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. रोज देवीची आरती करणारी मी, त्या दिवसापासून देव्हाऱ्यापुढे बसणंच सोडलं. तिच्यावर माझा राग होता.

दरेकशाजवळ शेती करणाऱ्या धाकट्या भावाच्या पेशी माझ्याशी पूर्ण जुळल्या. तो नागपूरच्या इस्पितळात आला, पण सही करायच्या वेळी त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, हाडातून काढतेत म्हंते. मी लंगडा झालो त पोरींले कोन पाहीन?" म्हणत त्यानं पिशवी उचलली. कुठल्या तोंडानं त्याला अडवणार? मी डोळे मिटले आणि कितीतरी महिन्यांनी मनात देवीला म्हणाले, आई, आता माझ्या हातात काही नाही, तूच बघ.

"काऊन भेता, भाऊ?" शेजारच्या बाकावरचा माणूस बोलला. सडक अर्जुनीचा ट्रक ड्रायव्हर होता, तपासणीसाठी आलेला. "माह्या बहिणीनं मले पेशी देल्ल्या. तिले सुया देल्ल्या, अंग दुखलं, मंग मशीननं हातातून रक्तासारकं काढलं. आठ दिवसानं वावरात निंदाले गेली ते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमाले मात्र तरास होईन, बाई. तोंड फोडानं भरन, थुका गिळवनार नाई. तवा समजजा, पेशी रस्त्यात हायेत."

भाऊ खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं सही केली.

सगळं त्या माणसानं सांगितलं तसंच झालं. बंद खोलीत आधी जबर औषधांनी माझ्या हाडांतली जुनी मज्जा संपवली. केस गेले. भावाच्या पेशींची पिशवी तासाभरात सलाईनसारखी आत गेली. पुढं उलट्या, ताप, तोंडात जखमा. आरतीची एक ओळही ओठांवर येईना. मी मनातच म्हणत राहिले. चौदाव्या दिवशी नर्स रिपोर्ट घेऊन आली आणि हसली, "पेशी आल्या, रुजल्या." काचेपलीकडे भावानं दोन्ही हात वर केले. कुस्ती जिंकल्यासारखे.

घरी आल्यावर महिनोन् महिने मास्क, ताजं शिजवलेलं अन्न, वारंवार तपासण्या. मंदिरातली गर्दीसुद्धा वर्ज्य. पण त्या काळात देवी मला कधी दूर वाटली नाही. त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहून गेलं. तो पुन्हा दिसला नाही. तो तेव्हाच का बोलला, याचा शोध मी घेत नाही. हात जोडते.

वर्षभरानं मी शाळेत रुजू झाले. माझा रक्तगट बदलून भावाचा झाला होता. हे कळल्यावर तो म्हणाला, "आता तुले राग आला त मलेच दोष देतीन लोक." मी खूप हसले, आणि हसतच वर्गात गेले.