पंधराचे आठ

अकोल्याच्या एका डॉक्टरांनी मला आकड्यात फसवले. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

गोष्ट अठ्ठावन्न-एकोणसाठच्या हंगामातली. मी अकोल्यात एका मोठ्या कापूस पेढीचा मुख्य सिलेक्टर होतो. सिलेक्टर म्हणजे कापूस पारखणारा. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची, तंतू किती लांब, किती चिवट ते पाहायचे, आणि "घ्या" किंवा "हाकला" म्हणायचे. भातकुली गावच्या बाजारात मी कापसाच्या गाड्या खाली करायचो. हमालीपासून इथवर आलो तो या दोन अंगठ्यांवर आणि जिभेवर.

पण बाजारात ही पारख उकिडवे बसून करावी लागते. सकाळपासून गाडीमागून गाडी. वीस वर्षांनी मला मूळव्याध झाली. आमच्या धंद्याचाच हा आजार, फक्त कोणी बोलत नाही. अमरावती शाखेचे सिलेक्टर शामराव यांनाही तोच त्रास. गावात बोभाटा नको म्हणून ते अकोल्याला आले. एकाच सोमवारी, एकाच टेबलावर, आधी मी आणि मग त्यांनी इंजेक्शन घेतले. या इंजेक्शनने कोंब सुकतो, कापाकापी नसते. दहा मिनिटांचे काम.

टेबलावरून उतरलो आणि विचारले, "आता किती दिवस?"

"पंधरा," डॉक्टर म्हणाले. "ओझे उचलायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, प्रवास नाही. हळूहळू चालायचे, पाणी भरपूर प्यायचे."

"हंगाम चालू हाये, डॉक्टरसाहेब. पाच."

"बारा."

"चला, सहा."

"दहा. याच्या खाली जमत नाही."

"आठ. द्या हात."

त्यांनी हसत हात दिला. सात दिवस वाचवले म्हणून मी खुशीत घरी गेलो. शामराव नंतर आत गेले.

गुरुवारी मद्रासच्या मिलची तार आली. आमच्या शंभर गाठी त्यांनी नाकारल्या होत्या. तंतू आखूड आहे म्हणे. शनिवारी सकाळी पंच गाठी फोडून पाहणार होते. आमच्या धंद्यात अशा वेळी माल निवडणाऱ्याने फोडलेल्या गाठीपुढे उभे राहून बोलायचे असते. तो आला नाही तर निवड खोटी धरतात. निवड माझी होती. रेल्वेने वेळेत पोचणे शक्य नव्हते, म्हणून शेठजींनी नागपूरहून विमानाचे तिकीट काढायचे ठरवले. तोवर आमच्या पेढीतले कोणी विमानात बसले नव्हते, खुद्द शेठजीही नाहीत.

"शेठजी, मले मंगळवारपर्यंत जाता येत नाही," मी म्हणालो.

"काहून?"

"डॉक्टरसंग सौदा झाला हाये. आठ दिवसाचा."

शेठजींनी चष्मा काढला. "महादेवराव, इमानाले भेऊन राहिले का तुमी?"

"भेत नाही. हात देला हाये."

"बुडाचा सौदा असते का कुठं?" मुनीमजी म्हणाले. सगळी पेढी खाली मान घालून कामाला लागली.

तरी मी विचार केला. सौद्यात प्रवास होता, विमानाचा शब्द नव्हता. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली: विमान प्रवासात मोडते काय? कंपाउंडर तोंडी उत्तर घेऊन आला, "डॉक्टर म्हणते, आठ ठरले ना? मंग आठ."

वऱ्हाडच्या बाजारात हातावर हात पडला की सौदा पुन्हा उघडत नाहीत. दुपारी भाव कोसळला तरी नाही. हा नियम मी चार तालुक्यांतल्या लोकांना शिव्या घालून शिकवला होता. मी घरी राहिलो. हळूहळू चाललो. पाणी प्यालो.

मंगळवारी पेढीवर गेलो तर शामराव मद्रासहून परतले होते. शेठजींनी माझ्या जागी त्यांनाच निवडणारा म्हणून पाठवले होते.

"तुमाले डॉक्टरनं किती दिवस सांगितले?" मी विचारले.

"तीन."

"कितीवरून तीनावर आणले?"

"आणले नाही. ते तीन म्हणाले, मी हो म्हणालो."

"अन् विमान?"

"फोन करून विचारलं. म्हणाले, रक्त नसन, दुखत नसन, तर जा. खाली मऊ उशी घ्या, मधात उठून दोन पावलं चाला, बॅग उचलू नका. विमानातल्या बाईनंच उचलली."

उशीवर बसून, दोन पावले चालून हा मनुष्य मद्रासला पोचला. माझ्या गाठीतला माझा कापूस त्याने पंचांपुढे ओढून दाखवला. पंचांनी माल पास केला. शेठजी एवढेच म्हणाले, "जो गाठीपुढं उभा राह्यला, त्याचं सिलेक्शन." पुढच्या हंगामात शामराव मुख्य सिलेक्टर झाले. मी अकरा वर्षे त्यांच्या हाताखाली काढली. माणूस वाईट नव्हता, तेच जास्त झोंबायचे.

त्याच दिवशी मी दवाखान्यात गेलो.

"एकच इंजेक्शन. शामरावले तीन अन् मले पंधरा?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मागे तापात मी सात दिवस सांगितले, ते तुम्ही तीनावर आणलेत. तुम्ही पथ्याचाही भाव करता, म्हणून चढवून सांगितले. वाटले, चार-पाचवर याल. तुम्ही आठावरच थांबलात. मलाच नवल वाटले."

"अन् चिठ्ठी?"

"थट्टा केली. म्हटले, आता स्वतः भांडायला येतील. तुम्ही आला असतात तर चारावर सोडले असते. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली."

आता मी धंद्याची एक गोष्ट सांगतो. कापसाचा भाव चढवून सांगितला तर चालते, कारण गिऱ्हाइकाला माल दिसतो, तो हात घालून पाहू शकतो. इथे माल माझ्याच अंगावर होता आणि मला दिसत नव्हता. जो माल गिऱ्हाइकाला पाहता येत नाही, त्याचा भाव एकच सांगावा.

डॉक्टर अजून दवाखाना चालवतात. खरा आकडा तीन होता, तर आठावर हात का दिला? मधल्या पाच दिवसांत माझी जागा गेली. तिचा जबाब त्यांनी द्यावा, आणि तो कंपाउंडरकडून पाठवू नये.