बाटलीवरची दुसरी पट्टी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लोणावळ्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, ती खिडकीतून माझ्याकडे येई. रोग्याने घरून आणलेल्या बाटलीत मी औषध भरायचे आणि डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी तिच्यावर चिकटवायचे. एका वेळी एका खुणेइतकं प्यायचं. वाचता न येणाऱ्यालाही ते कळे.

एके सकाळी डॉक्टरांचा भाचा आला. अमेरिकेत इंजिनियर होता. तिथल्या एका इस्पितळात म्हणे डॉक्टर टीव्हीसारख्या पडद्यावर औषधांची यादी बघतात, हव्या त्या नावावर पेनासारखी कांडी टेकवतात, आणि औषधखात्यात चिठ्ठी आपोआप छापून निघते. आमच्या डॉक्टरांचं अक्षर लावण्यात माझा अर्धा दिवस जाई. मी कान टवकारले.

"चुकीच्या नावावर टेकवली तर?"

"यंत्र पुन्हा विचारतं, ताई. नक्की हेच ना म्हणून."

"डॉक्टर चिडत नाहीत?"

"चिडतात. यंत्राला काय त्याचं?"

बोलताना हात चालूच होते. औंढ्याच्या एका शेतकऱ्याच्या आईचं हृदयाचं औषध भरलं, बारा खुणांची पट्टी लावली, बाटली त्याला दिली. पुढच्या बाटलीवरची जुनी पट्टी खरवडायला घेतली तेव्हा लक्षात आलं, औंढ्याच्या बाटलीमागची खोकल्याच्या औषधाची जुनी पट्टी तशीच राहिली. तिला खुणा सहाच. त्या मापाने दुप्पट औषध पोटात गेलं असतं, आणि ते म्हातारीच्या जिवावर बेतलं असतं.

चपला घालून निघाले. शेतकरी रेल्वे फाटकाशी अडकला होता.

"भाऊ, कुठल्या खुणेनं देणार?"

त्याने बाटली फिरवली. "ह्या मागच्या. हितं खुना मोठ्या हायेत. म्हातारी लवकर उठंल."

"कधीच उठणार नाही."

"मग दोन पट्ट्या ठिवल्या कशाला?"

"चुकलं माझं. आणा इकडे."

केसातल्या आकड्याने मागची पट्टी खरवडली, पुढच्या पट्टीच्या एका खुणेवर बोट ठेवून 'एका वेळी एवढंच' असं त्याच्याकडून वदवून घेतलं, मगच सोडलं.

परत येऊन भाच्याला विचारलं, "हे तुमचं यंत्र विचारेल?"

"नाही. त्याचं काम औषधखात्यापर्यंत. पुढे नर्स देते."

"आणि घरी?"

तो उठला. मग खुर्ची उचलून माझ्या खिडकीशी आणली आणि दुपारपर्यंत प्रत्येक रोग्याला विचारत बसला, औषध कसं घेणार म्हणून.

सहा दिवसांनी औंढ्याचा शेतकरी पुन्हा औषधाला आला.

"आई कशी आहे?"

"सुनंशी भांडती," तो म्हणाला. "बरी हाय."